दोऱ्याने मोजलेले चौदा तास

मुकुटबन, ता. झरी जामणी
शनिवार, १३ डिसेंबर

श्री. बबनराव यांस,

मुकुटबनच्या जवायाचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण हल्ली खाली गेलो की उठवायला माणूस लागतो, म्हणून उभ्यानेच करतो आहे. तुमचे गुडघे, वहिनींची शुगर आणि घरामागचे पेरू, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे. कोकिळा बरी आहे. अंकुर शेतात आहे, म्हणजे तोही बराच असणार. कापूस दोन वेचे निघाला आणि नेहमीप्रमाणे घरात भरला आहे. बैठकीत छातीपर्यंत ढीग आहे. माणसं भिंतीला लागून बसतात आणि उठताना केस झटकतात.

आधी महत्त्वाचं सांगतो. तुमची भाची निशिगंधा पोचली. शुक्रवारी सकाळी साडेनऊला तिचा चेहरा मोबाईलवर पाहिला. जरा सुजलेला होता, पण तोच होता. हे पहिल्याच पानावर लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मला ते तसं वाचता आलं नाही. मला ते जगावं लागलं.

तुम्हाला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीचा गोल मी निवृत्तीच्या वेळी मागून आणला (आफ्रिकेला भोक पडलं होतं, म्हणून त्यांनी दिला). निशिगंधाचं नागपूर ते व्हँकुव्हर तिकीट निघालं त्या दिवशी मी तो गोल घरापुढच्या छपरीत मांडला आणि कोकिळाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक नागपुरावर, दुसरं व्हँकुव्हरवर. ताणला. दोरा पश्चिमेला गेला नाही, पूर्वेलाही गेला नाही. सरळ वर, हिमालयावरून उत्तर ध्रुवाकडे गेला आणि पलीकडून खाली उतरला. वर्गात मी हा प्रयोग केला की मुलं बाकं सोडून पुढे येत. छपरीतही सगळे गोलाभोवती जमले. विषुववृत्ताचे चाळीस हजार किलोमीटर धरून प्रमाण मांडलं. उत्तर आलं अकरा हजार नऊशे. मोबाईलला विचारलं, त्यानेही तेवढंच सांगितलं. विमान तासाला साडेआठशे धरलं. चौदा तास. बाकी शून्य. इतकं स्वच्छ उत्तर मला नोकरीत कधी आलं नव्हतं, आणि स्वच्छ उत्तराचा संशय घ्यावा हे मी दुसऱ्यांच्या मुलांना एकतीस वर्षं शिकवलं होतं.

निशिगंधा म्हणाली, "बाबा, पण मधी..." मी म्हणालो, मधे हिमालय, मग सैबेरिया, मग बर्फ. स्वेटर वरच्या पिशवीत ठेव. ती काहीतरी सांगत होती. मी तिला ध्रुवावरची थंडी सांगत होतो. शेवटी तिने दोन स्वेटर वरच्या पिशवीत ठेवले आणि बोलणं सोडून दिलं.

त्या वेळी छपरीत धावजी बसला होता. (धावजी तुम्हाला आठवेल. आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे तांड्यातलं पहिलं घर त्याचं. त्याच्या आज्याच्या काळापर्यंत त्यांची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर न्यायचे.) त्याने गोल पाहिला, दोरा पाहिला आणि विचारलं, "मास्तर, मुक्काम किती?" मी म्हणालो, विमानाला मुक्काम नसतो. "मंग पानी कुठं पेते?" मी म्हणालो, ते पोटात घेऊनच निघतं. धावजी थोडा वेळ तंबाखू चोळत राहिला. मग म्हणाला, "आमचा आजा म्हणे, कोस कोनी बी मोजते. मुक्काम मोजा लागते." मी त्याला पृथ्वीच्या गोलाईवर वीस मिनिटं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "पोचली का सांगजा."

बुधवारी दुपारी बाराला आम्ही सगळे तिला सोडायला नागपूरला निघालो. विमान रात्री साडेनऊचं होतं. माझ्या हिशेबाने ती गुरुवारी सकाळी साडेअकराला उतरणार होती.

आता तुमच्या बहिणीविषयी. तुमच्याच घरून ती एक रीत घेऊन आली आहे, तेव्हा तुम्हाला समजावण्याची गरज नाही, पण तिचे परिणाम तुमच्यापर्यंत कधी आले नसतील. माणूस दाराबाहेर पडला की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात झाडू लागत नाही. लागला तर त्याची वाट पुसली जाते. वणीला जाणाऱ्याचं ठीक आहे, दोन तासांत निरोप येतो. पण एकदा मी निवडणुकीच्या कामाला गेलो आणि कळवायचं विसरलो. तीन दिवसांनी आलो तर घराला उंबरठा दिसत नव्हता. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी फोन करतो आणि मग घाम पुसतो. या रीतीवर माझा विश्वास नाही. तो नसल्याचं मी कोकिळाला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. तिने ते ऐकलं होतं.

तर गुरुवार. आम्ही रात्रीच नागपूरहून घरी परतलो होतो. साडेअकरा वाजले. कोकिळा मोबाईल समोर ठेवून पाटावर बसली. बारा वाजले. मी म्हणालो, सामान घ्यायला वेळ लागतो. साडेबारा वाजले. मी म्हणालो, शिक्का मारायला रांग असते. एक वाजला. मी दोरा पुन्हा ताणून पाहिला.

आणि त्याच दिवशी चार वाजता राजूरहून नानाजी आणि त्यांची बायको अंकुरला पाहायला येणार होते. हे तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण तीनदा कळवून तीनदा मोडलं आणि चौथ्यांदा तुमचं तोंड पडलेलं पाहायची माझी तयारी नव्हती. अंकुर बत्तीस वर्षांचा झाला. पूर्वी मुलाकडचे मुलगी पाहायला जात. आता मुलीकडचे मुलाचं घर पाहायला येतात, आणि शेती म्हटलं की चहा अर्धा टाकून उठतात. नानाजींची सुरभी वणीला नर्स आहे. तिला शेतीचं वावडं नाही, असा निरोप होता. असा निरोप आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. आणि घर बुधवारपासून झाडलेलं नव्हतं. जमिनीवर कापसाचा पिंजा, त्यावर पऱ्हाटीचा सुका पाला, त्यावर आमची पावलं.

"आवो, चौदा झाले न? मंग काहून नाही आला फोन?" कोकिळा म्हणाली. "पावने चारले येऊन राह्यले. घर असं. सांगा तुमी, झाडू का नको?"

तिचा आवाज कापत होता. तो घरासाठी होता की पोरीसाठी, हे मला समजलं नाही. बहुधा तिलाही समजलं नसावं. पोर कुठे आहे? बर्फावर? मी आत गेलो, बाहेर आलो. चष्मा पुसला. आणि एक वाजून चाळीस मिनिटांनी मी खोटं बोललो. म्हणालो, बबनरावांच्या मोबाईलवर तिचा मेसेज आला, त्यांनी आत्ता मला कळवलं, पोचली.

कोकिळाने माझ्याकडे पाहिलं. मग उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून हात जोडले (उत्तर मीच तिला सांगितली होती) आणि झाडू उचलला. एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, आनंदामुळे.

चारला पाहुणे आले. घर आरशासारखं होतं. कापसाच्या ढिगावर धुतलेली चादर अंथरली होती, त्यामुळे तो दिवाणासारखा दिसत होता. नानाजी खाणीतून निवृत्त झालेले, बोलण्यात बेताचे. त्यांची बायको आत निशिगंधाच्या खोलीत खाटेवर बसली. चहा झाला. नानाजींनी अंकुरला तुरीविषयी दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं त्यांना पटली असावीत, कारण त्यांनी तिसरा विचारला नाही. सगळं सुरळीत होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण त्यांनी सहज पोरीची चौकशी केली आणि मी गोल काढला.

मी दोरा ताणला. चौदा तास, म्हणालो. नानाजींनी बशी खाली ठेवली. "चौदा? आमचा भाचा तिकडंच राह्यते, गुर्जी. तो दीड दिवसानं पोचला. दोन जागी बसवून ठेवलं त्याले." मी पुन्हा दोरा दाखवला. त्यांनी वाकून नीट पाहिला. "दोरा बराबर हाये," ते म्हणाले. "पन त्या वाटेनं इमान जात नसन."

मी आत गेलो आणि तिकिटाची झेरॉक्स काढली. पहिलं पान मी अनेकदा वाचलं होतं. त्यावर वर नागपूर आणि खाली व्हँकुव्हर असं लिहिलं आहे. दुसरं पान पहिल्याला चिकटलं होतं. त्यावर मुक्काम होते. आखातातल्या एका शहरात अकरा तास. युरोपातल्या एका शहरात तीन तास. पोचण्याची वेळ आपल्याकडच्या शुक्रवारी सकाळची. विमान ध्रुवाकडे गेलंच नव्हतं. ते पश्चिमेला वाळवंटात गेलं होतं आणि माझी पोर दोन स्वेटर घेऊन तिथे बसली होती.

बबनराव, त्या क्षणी मला जो हलकेपणा आला तो मी लिहू शकत नाही. ती हरवली नव्हती. हरवला होता फक्त माझा हिशेब. मी कपाटाला हात टेकून दोन श्वास घेतले. तिसऱ्या श्वासाला आठवलं की ती अजून वाटेवर आहे आणि घर झाडलेलं आहे.

मी विज्ञानाचा माणूस. ग्रहणात मी मुलांना अंगणात जेवू घातलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे (दोन पालकांनी तक्रार केली होती). मी स्वतःला समजावलं. केर आणि विमान यांचा संबंध नाही. तो नाही हे मी फळ्यावर सिद्ध करू शकलो असतो. पण फळ्यावर दुसऱ्यांची मुलं असतात.

कोकिळाला सांगावं तर खोटं उघडं पडणार, तेही पाहुण्यांसमोर. तेवढ्यात अंकुर म्हणाला, चला, विहीर दाखवतो. सगळे उठले. मी गुडघा धरला आणि मागे राहिलो. ते वळणाआड जाताच टोपलं घेऊन मी परसातल्या उकिरड्याकडे धावलो. (धावलो हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.) वरचा ताजा केर टोपल्यात भरला. त्यात कापसाचा पिंजा होता, पाला होता, काही लेंड्या होत्या. आणि एक बारीकसा गोल आरसा होता, कपड्याला लावतात तसा. मला वाटलं, निशिगंधाच्या घागऱ्याचा. मी तिथेच थांबलो. उकिरड्यावर उभा राहून रडणारा निवृत्त शिक्षक मी तरी यापूर्वी पाहिला नव्हता.

आणलेला केर मी बैठकीत पसरू लागलो. पेरणीसारखा, मुठीमुठीने. दाराजवळ दाट, मधे विरळ, कारण तसाच तो होता. अर्धी बैठक झाली आणि दारात सावली पडली. नानाजी उभे होते. चष्मा विसरले होते.

मी मूठ उघडू शकलो नाही. मनात एकच आलं, चौथंही मोडलं. घरात उकिरडा पेरणाऱ्या माणसाला कोण मुलगी देईल? मी देणार नाही. मग मी सगळं सांगितलं. दोरा, दुसरं पान, एक चाळीसचं खोटं. चार वाक्यांत सांगितलं. आयुष्यात इतकं थोडक्यात मी काही सांगितलं नाही.

नानाजींनी खिडकीतला चष्मा घेतला, घातला आणि बैठक नीट पाहिली. म्हणाले, "गुर्जी, त्या कोपऱ्यात बी टाका थोडा. तिकडं लई साफ दिसून राह्यलं."

मी टाकला. ते दारातच चपला काढून उभे होते. म्हणाले, "सत्तावीस वर्सं खाली उतरलो मी. शिफ्ट सुटून मी दारात येईस्तोवर आमच्या घरी फडा-झाडू हालला नाही. बाईले कोनी हासो, नाही तं काही बी म्हनो." मग वळता वळता म्हणाले, "पोरगी पोचली का फोन करजा. मंग बोलू." आणि विहिरीकडे गेले.

कोकिळा परतली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो. तिने जमीन पाहिली. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, वारा सुटला होता, कापूस उडाला. ती म्हणाली, "हो, वारा लई होता," आणि झाडू न उचलता स्वयंपाकाला लागली. बाहेर पानही हलत नव्हतं.

शुक्रवारी साडेनऊला फोन आला. पोर म्हणाली, आखातातल्या मुक्कामात फोन करायचा होता, पण तिथलं फुकटचं नेट चालू व्हायला आकडे येतात, ते आकडे इथल्या सिमवर येणार, आणि इथलं सिम तिथे मुकं. युरोपात धावतच विमान गाठावं लागलं. स्वेटर मात्र कामी आले, कारण वाळवंटात एसी फार होता. माझ्या भूगोलाचा एवढाच विजय. पण हे सगळं नंतर. तिचं पहिलं वाक्य वेगळं होतं. "आई, पोचली मी. झाड आता घर."

कोकिळाने पदराने डोळे पुसले आणि झाडलं. मी दहाला नानाजींना फोन लावला. ते म्हणाले, "झाडलं का?" मी म्हणालो, झाडलं. "मंग साक्षगंधाची तारीख काढा."

वहिनींना नमस्कार. पेरू काढायला झाडावर चढू नका.

तुमचा,
मारोतराव

ता. क. खरं काम राहिलं. तिचा फोन आल्यावर कोकिळाने विचारलं, मंग भाऊले गुरुवारी कोनता मेसेज आलता? मी म्हणालो, तुझ्या भावाने अर्धवट वाचला असेल. पहिल्या मुक्कामाला पोचली, असा असेल. कोकिळा "असन" म्हणाली. तर ती विचारील तेव्हा, चष्मा नव्हता, चुकीचं वाचलं, असं सांगावं. तुमचं वय पाहता कोणी दोष देणार नाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो.

ता. क. २, रविवार. वरची विनंती रद्द समजावी. आज सकाळी धावजीची बायको जमनी कुंपणाशी आली आणि कोकिळाला म्हणाली, "तुया मास्तरनं आमच्या उकिरड्यावरून टोपलंभर कचरा नेला. काही हरपलं का त्यायचं?" (दोन उकिरडे शेजारी शेजारी आहेत. आरसा जमनीच्या ओढणीचा होता. आमच्याकडे शेळी नाही हे मला लेंड्या पाहून सुचायला हवं होतं.) कोकिळा मला म्हणाली, "भाऊ मेसेज उघडते कधी? मागच्या दिवाळीचे बी तसेच पडून असन. अन् पोरगी मले सोडून मामाले सांगन? खोटं बोलाच्या आधी चष्मा पुसता तुमी." मी विचारलं, मग झाडलं कशाला? ती म्हणाली, "पावने येऊन राह्यले होते न. झाडलं, पन बाहेर नाही टाकलं. केर घरात हाये तवरी घर झाडलं नाही." आमचा केर शुक्रवारपर्यंत निशिगंधाच्या खाटेखाली टोपल्यात, वर चादर घालून ठेवलेला होता. नानाजींची बायको त्याच खाटेवर बसली होती. शुक्रवारी आमच्या घरातून दोन टोपली निघाली, एक आमचं आणि एक धावजीचं. तेव्हा मला दोन का दिसली नाहीत, याचा विचार करतो आहे.

ता. क. ३. साक्षगंधाचं आमंत्रण द्यायला कोकिळा उद्या स्वतः पुसदला येते आहे. हे पत्र तीच आणेल. पाकीट चिकटवू नका म्हणाली, वाटेत वाचायला होते. सरळ रेषेत अंतर फार नाही, पण मी तास सांगत नाही. मुक्काम दोन, पांढरकवडा आणि यवतमाळ. पत्र तुमच्या हातात पडलं म्हणजे ती पोचली. वाचत बसू नका, आधी तिला फोन करायला लावा. इकडे बैठकीत आज पुन्हा कापूस उतरला आहे, घोट्यापर्यंत पिंजा आहे आणि तिचा फोन येईपर्यंत मी झाडूला हात लावणार नाही. ती फोनची ओळ पहिल्या पानावर लिहायला हवी होती, पण तिथे जागा नाही.